गोळी घेणारी बाई काउंटरवर कुठे असते?

राज्यातील सर्व औषध दुकानदार बंधू-भगिनींना, आणि त्यांच्या वतीने काउंटरवर उभ्या असणाऱ्या मुलामुलींना,

सप्रेम नमस्कार.

गणपती पंधरा दिवसांवर आले की आपल्या सगळ्यांच्या दुकानात एक गिऱ्हाईक ठरलेलं येतं. बहुतेक वेळा तो पुरुष असतो. काउंटरवर दुसरं कोणी असलं तर तो आधी सर्दीची गोळी मागतो, बाम बघतो, बाजूला थांबतो. गर्दी ओसरली की आवाज खाली आणून म्हणतो, "ती पाळी पुढे जायची गोळी द्या." काही जण तेवढंही बोलत नाहीत, मोबाइल पुढे करतात. पडद्यावर रिकाम्या पट्टीचा फोटो असतो, घरातल्या कुणीतरी मागच्या वर्षीची जपून ठेवलेली. आपण ड्रॉवर उघडतो, दोन पट्ट्या कागदात गुंडाळतो, पैसे घेतो. सगळ्याला मिळून एक मिनिटही लागत नाही.

मी तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडच्या जवळ, सव्वीस वर्षं दुकान चालवते. त्यातली पहिली सोळा-सतरा वर्षं मीही ही गोळी अशीच दिली. हे पत्र लिहायला बसले त्याचं कारण तेच आहे.

एका भाद्रपदात, गौरी यायच्या सहा-सात दिवस आधी, आमचे नेहमीचे एक गिऱ्हाईक आले. त्यांच्या वडिलांची बीपीची औषधं, मुलांचे ताप-खोकले, सगळं वर्षानुवर्षं आमच्याकडूनच जायचं. नव्या घरात त्यांच्याकडे पहिल्यांदाच गौरी बसणार होत्या. त्यांनी तीन पट्ट्या मागितल्या. मी दिल्या. "दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर," एवढं सांगितलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. दोन आठवड्यांनी ते परत आले, ते पोटरीला चोळायचं मलम आणि गरम पाण्याची पिशवी घ्यायला. "मिसेसच्या पोटरीत गोळा आलाय. चार दिवस झाले. गौरींच्या गडबडीत दिवस दिवस पायावर उभी होती ना." मी मलमाकडे हात नेला आणि तसाच थांबवला. एकाच पायाला का, विचारलं. डाव्याच, म्हणाले. सूज? आहे, चप्पल जात नाही.

मलम न देता मी त्यांना दवाखान्यात पाठवलं. तिथून जिल्ह्याच्या ठिकाणी. डॉप्लर सोनोग्राफीत दिसलं की पायाच्या खोल शिरेत मांडीपर्यंत रक्ताची गुठळी चढली होती. सहा महिने रक्त पातळ करायची औषधं चालली. ती वाचली, आज ठणठणीत आहे. पण बरी झाल्यावर एकदा ती स्वतः दुकानात आली आणि बोलता बोलता म्हणाली, दुसऱ्या बाळंतपणातही तिचा तोच पाय असाच सुजला होता आणि तेव्हा पोटात इंजेक्शनं घ्यावी लागली होती. मी नुसतीच बघत राहिले. ती म्हणाली, "मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं ना ताई."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं ते सहज सांगितलं. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, कारण तिला विचारायचं काम माझं होतं आणि मी तिच्याशी बोललेच नव्हते. मी तिच्या नवऱ्याशी बोलले होते.

ती गुठळी गोळीमुळेच झाली असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. तिच्या डॉक्टरांनीही तसं म्हटलं नाही. ते एवढंच म्हणाले की जिला एकदा गुठळी होऊन गेली आहे तिला हे औषध द्यायचं नसतं. हे वाक्य मला नवीन नव्हतं. औषधाबरोबरच्या माहितीपत्रकात ते छापलेलं असतं. आपल्यापैकी ज्यांनी डिप्लोमा किंवा डिग्री केली आहे त्यांनी परीक्षेत लिहिलेलंही असेल. पण काउंटरवर उभी असणारी मुलं शिकलेली असतातच असं नाही, आणि शिकलेल्यांचंही वीस वर्षांत बरंच विसरून जातं. म्हणून ही गोळी काय आहे ते इथे जरा पसरून लिहिते. जाणकारांनी कंटाळा करू नये.

या गोळीतलं औषध म्हणजे नॉरएथिस्टेरॉन. ते स्टेरॉइड आहे. हा शब्द उच्चारला की लोक दचकतात. दम्याचा पंप देताना आई विचारते, "यात स्टेरॉइड तर नाही ना?" आणि तीच आई वास्तुशांतीच्या आधी या गोळीच्या दोन पट्ट्या निर्धास्त घेऊन जाते, कारण ही गोळी स्टेरॉइड आहे हे तिला कधी कुणी सांगितलेलंच नसतं. स्टेरॉइड हे रेणूच्या बांधणीचं नाव आहे. कार्बनच्या एकमेकांना जोडलेल्या चार कड्या, तीन सहा बाजूंच्या आणि एक पाच बाजूंची. बाईच्या अंडाशयातून निघणारं इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, पुरुषांतलं टेस्टोस्टेरॉन, मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतलं कॉर्टिसॉल, ही सगळी याच सांगाड्यावर उभी आहेत. सांगाडा एक असला तरी कामं वेगळी. दम्याच्या पंपातलं स्टेरॉइड कॉर्टिसॉलच्या जातीचं, आपल्या या गोळीतलं प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं.

निसर्गाचं प्रोजेस्टेरॉन तोंडाने दिलं तर आतडं आणि यकृत मिळून त्यातलं बहुतेक मोडून टाकतात, रक्तात फारसं पोहोचतच नाही. त्यामुळे तोंडाने घेता येईल असं काहीतरी बनवायची धडपड १९३० नंतर जगभर चालू होती. मेक्सिको शहरात सिंटेक्स नावाची एक कंपनी होती. तिथल्या रानात मिळणाऱ्या एका कंदातून डायोसजेनिन नावाचं द्रव्य काढायचं आणि त्यापासून हार्मोन बनवायची, हे तिचं काम. जॉर्ज रोझेनक्रान्झ आणि कार्ल जेरासी यांच्या हाताखाली तिथे लुईस मिरामोंतेस नावाचा सव्वीस वर्षांचा विद्यार्थी काम करत होता. १५ ऑक्टोबर १९५१ रोजी त्याच्या हातून नॉरएथिस्टेरॉन तयार झालं. टेस्टोस्टेरॉनच्या सांगाड्यातून एकोणिसाव्या क्रमांकाचा कार्बन काढला आणि सतराव्या जागी दोन कार्बनांची एक छोटी शेपटी जोडली, एवढाच फरक. त्या शेपटीमुळे यकृताला हा रेणू लवकर मोडता येत नाही, आणि कार्बन काढल्यामुळे तो प्रोजेस्टेरॉनसारखा जोरकस वागू लागतो. १९५७ मध्ये अमेरिकेत त्याला पाळीच्या तक्रारींसाठी मान्यता मिळाली. कुटुंबनियोजनाची गोळी म्हणून तो नंतर जगभर गेला. मला ही गोष्ट नेहमी नवलाची वाटते: रानातल्या कंदापासून सुरू झालेलं हे औषध आपल्याकडे गौरीच्या मुखवट्यांबरोबर माळ्यावरून खाली उतरतं.

आता ते पाळी थांबवतं कसं? पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी बीज सुटतं. ज्या जागेतून ते सुटलं तिथे एक पिवळसर गाठ तयार होते आणि ती प्रोजेस्टेरॉन सोडत राहते. त्या प्रोजेस्टेरॉनवर गर्भाशयाचं आतलं अस्तर तग धरून असतं. गर्भ राहिला नाही की गाठ सुकते, प्रोजेस्टेरॉन उतरतं, अस्तराला रक्त पुरवणाऱ्या नागमोडी रक्तवाहिन्या आकसतात आणि अस्तर सुटून वाहून जातं. ती पाळी. नॉरएथिस्टेरॉनची गोळी घेतली की शरीरातलं प्रोजेस्टेरॉन उतरलं तरी त्याची जागा हे औषध भरून काढतं. अस्तराला वाटतं अजून आधार आहे, ते धरून राहतं. गोळी बंद केली की आधार सुटतो आणि दोन-तीन दिवसांत पाळी येते. म्हणजे पाळी नुसती थोपवून धरलेली असते.

हे लक्षात घेतलं की मात्रेचं गणित आपोआप समजतं. ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोन किंवा तीन वेळा, पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधीपासून, आणि जास्तीत जास्त दहा ते चौदा दिवस. समजा तारीख १० आहे आणि गौरी १२ ते १४. तर ७ तारखेला सुरुवात, १४ ला शेवटची गोळी, १६-१७ ला पाळी. आठ दिवस, तीन वेळा, म्हणजे चोवीस गोळ्या. आणि आपल्याकडे होतं काय? नऊ तारखेला रात्री दुकान बंद करायच्या वेळी कुणीतरी पळत येतं, "उद्या तारीख आहे." अस्तर सुटायला सुरुवात झाल्यावर गोळी देऊन उपयोग होत नाही, हे त्यांना माहीत नसतं. मग ऐन पूजेच्या दिवशी डाग दिसतो, घाबरून दोन-दोन गोळ्या एकदम घेतल्या जातात, मळमळ, डोकेदुखी, छाती भरून येणं, चिडचिड हे सगळं त्यावर. एका पट्टीत तीन जावांनी वाटून घेतलेल्याही मी पाहिल्या आहेत, रोज एकेक. तिघींचंही काम झालं नाही आणि तिघींच्याही पुढच्या तारखा विस्कटल्या.

हे त्रास मी एरवी पत्रात लिहिले नसते. ते बरे होणारे आहेत. मला काळजी आहे ती रक्ताच्या गुठळीची, आणि तिच्याबद्दल आपल्यातही एक गैरसमज आहे. आपण शिकलेलो असतो की गुठळीचा धोका इस्ट्रोजेनमुळे असतो आणि ही तर नुसती प्रोजेस्टेरॉनच्या जातीची गोळी. ते अर्धं खरं आहे. या औषधाचा थोडासा भाग शरीरात बदलून एथिनिलएस्ट्राडायॉल, म्हणजे इस्ट्रोजेनच तयार होतं. मात्रा लहान असेल तर ते नगण्य. पण दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम घेतलं की तयार होणारं इस्ट्रोजेन साधारण २० ते ३० मायक्रोग्रॅमच्या बरोबरीचं होतं. माला-डी या कुटुंबनियोजनाच्या एका गोळीत इस्ट्रोजेन ३० मायक्रोग्रॅम असतं. म्हणजे तीन वेळची ही गोळी चालू असलेली बाई नकळत रोज जवळपास एका माला-डीएवढं इस्ट्रोजेन घेत असते. आणि नॉरएथिस्टेरॉनचीच जी छोटी गोळी परदेशांत गर्भनिरोधक म्हणून देतात ती ०.३५ मिलिग्रॅमची असते. आपण पाळी ढकलायला दिवसाला १५ देतो, चाळीस पटींहून जास्त. माला-डी कुणाला द्यायची नाही हे आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई विचारून, बीपी बघून ठरवतात. इथे तोच धोका आपण न विचारता कागदात गुंडाळतो.

निरोगी तरुण बाईला आठ-दहा दिवसांच्या गोळीने गुठळी होण्याचा धोका लहान आहे, हे मी मुद्दाम सांगते. घाबरवायचं म्हणून हे पत्र नाही. पण काही बायकांच्या बाबतीत तो लहान राहत नाही. पूर्वी गुठळी झालेली, जवळच्या नात्यात कमी वयात गुठळी झालेली, वजन खूप जास्त असलेली, नुकतीच बाळंत झालेली, नुकतंच ऑपरेशन होऊन पडून असलेली, अर्धशिशी उठायच्या आधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा दिसणारी, पक्षाघात किंवा हृदयाचा त्रास होऊन गेलेली. त्यात चारधामची किंवा काशीची यात्रा म्हटली की तासन्‌तास पाय लोंबकळत बसून प्रवास, पाणी कमी प्यायचं कारण वाटेत सोय नाही. यात्रेला निघालेल्या बायका या गोळीच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाईक आहेत, हे आपल्याला गौरींइतकंच ठाऊक आहे.

याशिवाय स्तनाचा कॅन्सर झालेली आणि यकृताचा गंभीर आजार असलेली बाई, यांनाही ही गोळी द्यायची नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईला डॉक्टरांनी ठरवल्याशिवाय नाही. क्षयाच्या औषधांतलं रिफॅम्पिसिन किंवा फिट्सच्या काही गोळ्या चालू असतील तर यकृत नॉरएथिस्टेरॉन भराभर मोडतं आणि गोळी घेऊनही पाळी येते. आपल्या तालुक्यांत क्षयाची औषधं घेणाऱ्या बायका कमी नाहीत.

आणि गरोदरपण. यावर मला थोडं थांबायचं आहे. पाळी पुढे ढकलायला आलेली बाई गरोदर असू शकते, तिला माहीत नसतं. गोळी चालू असताना पाळी न येणं हे तिला गोळीचं यश वाटतं. जास्त मात्रेत असं औषध गरोदरपणात गेलं तर मुलीच्या गर्भात बाह्य अवयवांवर पुरुषी खुणा उमटल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. या गोळ्या चालू आहेत म्हणजे गर्भ राहणार नाही, असंही नवरा-बायकोंना वाटतं. पाळी ढकलायला म्हणून घेतलेल्या गोळीवर तसा भरवसा ठेवता येत नाही. म्हणून गोळी बंद करून आठवडाभरात पाळी आली नाही तर चाचणी करायची, एवढं वाक्य प्रत्येकीच्या कानावर पडायला हवं.

उलट बाजूचं गिऱ्हाईकही येतं, "पाळी यायची गोळी द्या" म्हणणारं. आपल्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल, एकेकाळी इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या जोरदार मात्रेच्या गोळ्या गर्भ राहिलाय का ते बघायला, आणि बायका तर तो पडावा म्हणूनच, सर्रास घेत असत. त्याने गर्भ पडत नसे आणि बाळाला धोका मात्र पोहोचण्याची भीती असे. देशभरातल्या स्त्री-संघटनांनी आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी त्याविरुद्ध ऐंशीच्या दशकात वर्षानुवर्षं लढा दिला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि १९८८ मध्ये त्या मात्रेच्या गोळ्यांवर बंदी आली. त्या काळातही तक्रार हीच होती की दुकानदार चिठ्ठी न बघता देतात. बंदी येऊन इतकी वर्षं झाली. गोळी बदलली, काउंटर तेच आहे.

अजून एक बाई डोळ्यांपुढे येते. वय सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस, महिनाभर अंगावरून जातंय, दवाखान्यात जायला वेळ नाही, पिकं उभी आहेत. कुणीतरी सांगतं, ती गोळी घे, थांबतं. आणि खरंच थांबतं. अनियमित आणि अती रक्तस्रावासाठी हे औषध उत्तमच आहे, एंडोमेट्रिओसिसमध्येही (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढतं तो आजार) डॉक्टर ते महिनोन्‌महिने देतात. पण त्या वयात रक्तस्राव का होतोय हे न बघता तो थांबवला तर गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर असेल तर तोही झाकला जातो. रक्त थांबल्याचा आनंद घेऊन ती घरी जाते आणि सहा महिन्यांनी परत येते. कारण न कळलेल्या रक्तस्रावाला ही गोळी द्यायची नाही, हे माहितीपत्रकातही छापलेलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, मी नाही दिली तर शेजारचा देतो. खरं आहे. मी पहिल्या वर्षी नकार द्यायला लागले तेव्हा समोरच्या रस्त्यावरच्या दुकानात त्याच गिऱ्हाइकांना पट्ट्या मिळाल्या, आणि दोन घरं कायमची तिकडे गेली. म्हणूनच मी हे खासगीत न सांगता उघड पत्र लिहिते आहे. एकट्या दुकानाने हे होत नाही. पट्टीवर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असं छापलेलं असतं, १९४५ चे औषध नियम तेच सांगतात, आणि २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम आहे असं स्पष्ट म्हटलं आहे. या गोळीत आपला नफाही काही मोठा नाही. आपण ती न विचारता देतो ती केवळ लाजेपोटी. गिऱ्हाईक लाजतं, त्याच्या लाजेला आपण मान देतो आणि लवकर मोकळं करतो. आम्ही स्त्री दुकानदारही हेच करतो, त्यात पुरुषांनाच दोष नको.

दुसरं तुम्ही म्हणाल, गावात बाईला डॉक्टर कुठे मिळतो? हेही खरं आहे आणि यावर मी बरीच वर्षं विचार केला. नुसतं "चिठ्ठी आणा" म्हणून हात झटकले तर ती जावेच्या उरलेल्या गोळ्या घेईल. आमच्याकडे आम्ही असं करतो. गावातल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांशी आणि एका सरकारी आरोग्य केंद्राशी बोलून ठेवलं आहे. श्रावण लागला की दुकानात काचेवर कागद चिकटवतो: पाळी पुढे ढकलायची असेल तर तारखेच्या पंधरा दिवस आधी डॉक्टरांना भेटा, नंबर इथे मिळेल. पंधरा दिवस आधी गेलं तर डॉक्टरांनाही सवड असते, बीपी बघता येतं, शंका असेल तर दुसरं औषध निवडता येतं. २०२० पासून डॉक्टरांना फोनवरून सल्ला देऊन चिठ्ठी पाठवायची रीतसर मुभा आहे, तिचाही उपयोग होतो. पहिली दोन वर्षं कागद कुणी वाचला नाही. आता नागपंचमीच्या सुमाराला बायका स्वतः येऊन नंबर मागतात.

आणि पुरुष आला तर मी म्हणते, "वहिनींना फोन लावा, मी बोलते." सुरुवातीला काही जणांना राग यायचा. आता सवय झाली. फोनवर तीन-चार गोष्टी विचारायला दोन मिनिटं लागतात. कधी पाय सुजून गुठळीचं औषध घ्यावं लागलं होतं का, दिवस गेल्याची शंका आहे का, बाळ अंगावर पितं का, अर्धशिशी, बीपी, क्षय, फिट्स यांपैकी काही आहे का. उत्तर काहीही आलं तरी चिठ्ठी डॉक्टरांचीच, पण "हो" आलेलं ऐकलं की मी डॉक्टरांना स्वतः फोन करते, म्हणजे ते तिच्या तोंडून पुन्हा सांगायचं राहून जात नाही. गोळ्या देताना कागदावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून देते: एका पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली, छातीत कळ आली, धाप लागली, अचानक भयंकर डोकं दुखलं, बोबडी वळली, दिसेनासं झालं, तर गोळी बंद आणि लगेच दवाखाना. घरगुती उपाय नको, चोळायचं नाही.

या फोनमुळे मला एक अशी गोष्ट कळली जी आधी कधी कळली नसती. दर चार-पाच फोनांमागे एक बाई असते जिला ही गोळी नकोच असते. ती हळूच विचारते, "नाही घेतली तर चालेल का हो?" म्हणजे घेतीये ती घरच्यांच्या म्हणण्यावरून. सासूबाईंना चालत नाही, नणंदेला विचारायची हिंमत नाही, पाहुणे येणार आहेत, नैवेद्य कोण करणार. एकीने सांगितलं होतं, गेल्या चार महिन्यांत तिने चार वेळा गोळ्या घेतल्या: श्रावणातला सत्यनारायण, दिराचं लग्न, गौरी, घट. तिला पाळी कधी येणार होती हेच आता तिला सांगता येत नव्हतं. अशा वेळी मी दुकानदार म्हणून एवढंच सांगते की औषध न घेणं शरीराला शंभर टक्के चालतं. गौर कुणी बसवायची, शिवाशीव पाळायची की नाही, हे प्रत्येक घराने ठरवायचं आहे आणि मी काउंटरवरून कुणाला धर्म शिकवत नाही. माझ्या स्वतःच्या घरात माझ्या सुनेने पाळी चालू असताना गौरी सजवल्या, नैवेद्याच्या पुरणपोळ्याही तिनेच केल्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि हे मी विचारणाऱ्या बायकांना लपवत नाही.

ज्या बाईला स्वतःलाच ही गोळी हवी आहे तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पोलीस भरतीची मैदानी चाचणी असते, आयुष्यात एकदाच होणारं लग्न असतं, लांबचा प्रवास असतो, कुणाला पाळीत वेदनांनी उठता येत नाही. आपल्या शरीराचं वेळापत्रक तिने ठरवावं. कधीतरी, डॉक्टरांना विचारून, मात्रा समजून घेतलेली गोळी हा तिचा हक्कच आहे. पण पाळी ही कुणाच्या तरी कामातली अडचण आहे आणि ती बाईच्या शरीरातून हटवायची, हा विचार कुठवर जातो ते आपण आपल्या राज्यातच पाहिलंय. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये चौकशी झाली. तिथे खाड्याचे पैसे कापले जाण्याची भीती होती. इथे नैवेद्याची आहे. दोन्ही ठिकाणी त्या बाईला काय हवंय हे विचारणारं कुणी नसतं, किंवा फार उशिरा असतं. आपलं काउंटर ही तिला ते विचारता येईल अशी एक जागा आहे, निदान तिथून तिला फोन तरी लावता येतो.

तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या आपल्या संघटनांना माझी विनंती आहे की गणेशोत्सवाआधीच्या बैठकीत या गोळीचा विषय घ्यावा. बैठकीत आपण मुदत संपलेला माल, कंपन्यांचे परतावे, ऑनलाइन विक्री यांवर तासन्‌तास बोलतो. त्यातली वीस मिनिटं यासाठी द्यावीत, गावातल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञाला बोलवावं, आणि एका गावातल्या सगळ्या दुकानांनी मिळून ठरवावं की ही पट्टी चिठ्ठीशिवाय कुणीच द्यायची नाही. सगळ्यांनी ठरवलं तर "शेजारचा देतो" हे वाक्य बंद होईल. काउंटरवरच्या मुलांना हे चार प्रश्न पाठ करून द्यावेत. आमच्याकडचा एकोणीस वर्षांचा मुलगा आता ते बाईला अवघडू न देता विचारतो, आणि शब्द अडला तर मला हाक मारतो.

आणि पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे कुणीतरी येईल, आवाज खाली आणून ती गोळी मागेल. त्याला बसायला स्टूल द्या. फोन लावायला सांगा. पलीकडून तिचा आवाज येईपर्यंत पट्टी ड्रॉवरमध्येच राहू द्या.

आपली,
तुमच्यातलीच एक औषध दुकानदार